पिवळ्या दोऱ्याची गल्ली

हिच्याबद्दल लिहा, असं मेहुणा गेली दोन वर्षं फोनवर म्हणतो आहे. "दाजी, ताईनं तिकडच्या बायकांना आपलं घर सांगितलं. पण ताई तिकडे काय करायची, कशी राहायची, हे आपल्या माणसांना कोण सांगणार? तुम्हीच ना?" मी दर वेळी हो म्हणतो आणि त्याच्या गुडघ्याची चौकशी करतो. माझ्या हाताला सवय आहे ती बॉयलरच्या नोंदवहीची. दर तासाला वाफेचा दाब लिहायचा आणि पुढे सही करायची, एवढंच लिखाण मी एकतीस वर्षं केलं. तेव्हा हे कितपत जमेल, कुणास ठाऊक.

आम्ही दोघं परमुलखात एका मोठ्या इस्पितळात कामाला होतो. मी तळघरात, धुलाईखान्याच्या बॉयलरवर. ही माझ्या डोक्यावर दोन मजले, शिवणखोलीत. इस्पितळाच्या फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं तिथे सांधायला यायचं. खोलीत चार यंत्रं, चार बायका आणि त्यांच्यावर एक मोठ्या बाई. चौघी चार देशांतून आलेल्या. एकीचं नाव दुसरीच्या जिभेवर बसत नसे, म्हणून त्या एकमेकींना दोऱ्याच्या रंगावरून हाक मारायच्या.

दोऱ्याचं असं होतं. चादर सांधून झाली की तिच्या कोपऱ्यात आपल्या रंगाची एक बारीक फुली घालायची. तीच चादर त्याच जागी पुन्हा उसवून आली, तर ज्या रंगाची फुली असेल तिच्याकडे परत जायची. दुसरीनं तिला हात लावायचा नाही. हा मोठ्या बाईंचा नियम. त्यामुळे कुणाचं काम कच्चं आणि कुणाचं पक्कं, हे सांगायची गरज पडत नसे. निळी उंच होती आणि सारखी गुणगुणायची. तांबडी सगळ्यांत वयस्कर आणि तोंडाची फटकळ. हिरवी तेव्हा नवीच होती. आणि आमची ही पिवळी. पिवळी फुली घेऊन परत आलेल्या चादरी वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असत. मी खाली काजळीत राबायचो म्हणून तांबडी मला काळा दोरा म्हणायची. जिन्यात भेटली की म्हणायची, "काय काळा दोरा, आज कोणाला सांधलंस?" मला उत्तर सुचेपर्यंत ती वर पोचलेली असायची.

घरी आम्ही दोघंच. मूलबाळ नाही. स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती. एक इथल्या वेळेचं, एक तिकडच्या. तिकडचं सहा तास पुढे. ते हिनं पहिल्याच वर्षी आणून लावलं होतं. भाजी चिरता चिरता वर बघायची आणि म्हणायची, "आई झोपली असेल आता." किंवा, "आत्ता उठून दार उघडत असेल." मी मान हलवायचो. बावीस वर्षांत आम्ही तीनदा तिकडे जाऊन आलो. पण मला वाटतं, ही त्या घड्याळातून रोज जाऊन येत होती.

एका वर्षी मोठ्या बाईंच्या मनात आलं की, इतक्या मुलखांची माणसं एका खोलीत बसतात आणि कुणाला कुणाचं काही माहीत नाही, हे बरं नव्हे. त्यांनी दारावर कागद लावला. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत एकीनं वीस मिनिटं आपल्या देशाची ओळख करून द्यायची. धुलाईखान्यातल्या, भटारखान्यातल्या, ज्याला वाटेल त्यानं ऐकायला यावं.

पहिल्या महिन्यात निळीनं डोंगरांची चित्रं दाखवली आणि गाणं म्हटलं. दुसऱ्यात तांबडीनं झेंडा आणला आणि आपल्या देशात किती नद्या आहेत ते पाठ म्हणून दाखवलं. तिसरी पाळी हिची.

त्या दिवशी घरी आली ती तोंड पाडूनच.

"अहो, मी काय सांगू? मला नद्या माहीत नाहीत."

"पुस्तकात बघू."

"पुस्तकातलं सांगायचं तर त्याच वाचतील की. मला देशातलं काय माहीत आहे? आमची गल्ली माहीत आहे. बाकी देश मी गाडीच्या खिडकीतून बघितला, तोही विमानतळाकडे जाताना."

"मग गल्लीच सांग," मी म्हणालो.

मी ते सहज म्हणालो होतो. ही माझ्याकडे बघतच राहिली. आयुष्यात माझा एखादा सल्ला हिला पसंत पडला असेल तर तो हाच.

मग ही पुरती झपाटली. मोठ्या बाईंकडून एक बाद झालेली चादर मागून घेतली आणि तिच्यावर दोऱ्यानं गल्ली काढायला बसली. बाकीच्या तिघींचे दोरेही मागितले. ते द्यायला तांबडी आधी कां-कूं करत होती. म्हणाली, "माझ्या रंगाचं घर पडलं तर ते माझ्याकडे परत येईल." निळ्यानं शेजाऱ्यांची घरं काढली, हिरव्यानं झाडं, तांबड्यानं शाळेचं कौलारू छप्पर. पिवळा दोरा फक्त हिच्या घराला. घराच्या दाराशी एक स्टूल काढलं. तिच्या आईचं ते उंच लाकडी स्टूल मीही पाहिलेलं होतं. सकाळी दार उघडलं की आई ते बाहेर ठेवायची आणि दिवे लागले की आत घ्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही टेकावं. पोस्टमन त्याच्यावर बसून गल्लीची पत्रं लावायचा. शाळेतून भांडून आलेली पोरं तिथे बसून रडून घ्यायची आणि मग आपापल्या घरी जायची.

रात्रीची जेवणं झाली की स्वयंपाकघरात तालीम चालायची. ही पातेल्यासमोर उभी राहून बोलायची आणि मी घड्याळ लावून बसायचो. पहिल्या दिवशी बोलणं चार मिनिटांत संपलं. तिसऱ्या आठवड्यात पस्तीस मिनिटांवर गेलं. काय गाळायचं यावरून आम्ही भांडलो. भाऊ शिडीवरून पडला तो प्रसंग मी गाळायला सांगितला.

"वा, तोच तर मुख्य," ही म्हणाली. "सगळ्या गल्लीत शिडी एक, आमची. ज्याला लागेल तो घेऊन जायचा. आणि आमच्याच घरातला मुलगा तिच्यावरून पडला. लोक हसले किती!"

"पडला त्याला हसले?"

"आधी उचललं, मग हसले. हेच मला सांगायचंय त्यांना."

इतकी बोलकी मी हिला आमच्या लग्नाच्या नव्या दिवसांतही पाहिली नव्हती. बावीस वर्षांत त्या मुलखात हिला कुणी विचारलंच नव्हतं की बाई, तू कुठली, तुझ्या घरी कोण कोण असतं.

शुक्रवारी बोलायचं होतं. बुधवारी दुपारी बॉयलरच्या खोलीतला फोन वाजला. घरी दिवसा कुणी नसे म्हणून मेहुण्याकडे तो नंबर अडीनडीसाठी दिलेला होता. 

"दाजी, आई गेली," मेहुणा म्हणाला. "दिवसभर फोन लागत नव्हता. सकाळी दार उघडलं, स्टूल बाहेर ठेवलं, आणि त्याच्यावरच बसली. पोस्टमननं बघितलं."

मी वाफेच्या काट्याकडे बघत राहिलो. यंत्रांचा आवाज इतका होता की त्याला वाटलं, ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मग म्हणाला, "ताईला विचारा. ती येणार असेल तर मी उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो. इथल्या दवाखान्यात ठेवायची सोय झाली आहे."

त्या दिवशी संध्याकाळी एक विमान होतं. मला ते माहीत होतं. तेच आम्ही आधी तीनदा धरलं होतं. त्यानं गेली असती तर दुसऱ्या दिवशी दुपारी ही घरी पोचली असती.

मी म्हणालो, "तिला नाही जमणार रे. नको थांबूस."

का म्हणालो, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. स्वतःला सांगताना मी कारणं पुष्कळ सांगितली. रजा मिळाली नसती. इतक्या कष्टानं केलेली तयारी वाया गेली असती. पोचूनही काय हाती लागणार होतं? यातलं एकही अगदी खोटं नाही. पण खरी गोष्ट अशी की, दोन मजले चढून त्या खोलीत जायचं, चार बायकांसमोर यंत्र थांबवायला लावायचं आणि हिच्या तोंडाकडे बघून ते वाक्य उच्चारायचं, हे माझ्या जिवावर आलं. मी भित्रा माणूस आहे. शुक्रवारनंतर सांगू, असं ठरवलं आणि फोन खाली ठेवला. मग नोंदवहीत दोनचा दाब लिहिला आणि सही केली.

बुधवारी आणि गुरुवारी घरी तालीम झाली. मी घड्याळ लावून बसलो. गुरुवारी ही बरोबर वीस मिनिटांत बोलली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला बरं नाही का?" मी म्हणालो, डोकं दुखतंय. हिनं कपाळावर हात ठेवून बघितला.

शुक्रवारी शिवणखोलीत तीसेक माणसं जमली होती. चादर कपाटावर टांगली होती. हिनं घरून तिकडचं घड्याळ पिशवीतून आणलं होतं, ते टेबलावर उभं केलं. मी सगळ्यांत मागे, कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसलो.

"मी तुम्हाला देश दाखवू शकत नाही," हिनं सुरुवात केली. "तो माझ्याहून फार मोठा आहे. मी तुम्हाला एक दार दाखवते. बाकीचा देश बहुतेक असाच असेल."

मग बोलत गेली. पोस्टमन, शेजारचा शिंपी, शिडी, भांडून आलेली पोरं. तिथली भाषा हिला मोडकीतोडकीच यायची, पण कुणाला काही अडलं नाही. भाऊ पडल्यावर सगळी खोली हसली. "आधी उचललं, मग हसले," असं हिनं सांगितलं तेव्हा तांबडी मोठ्यांदा म्हणाली, "आमच्याकडे आधी हसतात." त्यावर आणखी हसले. ही लाल झाली होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का, असं मोठ्या बाईंनी म्हटलं. निळीनं हात वर केला.

"तुझी आई आत्ता काय करत असेल?"

हिनं टेबलावरच्या घड्याळाकडे बघितलं. तिथे सात वाजायला दहा मिनिटं कमी होती.

"आत्ता?" ही म्हणाली. "दिवे लागले असतील. ती स्टूल आत घेत असेल."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर ही चादर टेबलावर पसरून घडी घालायला लागली. पुढच्या आठवड्यात खोलीत कायमची लावायला मोठ्या बाईंनी मागितली आहे, पण मी देणार नाही, आईला दाखवायला घेऊन जाणार, असं बोलत होती. तेव्हा मी सांगितलं.

"आई गेली."

हिचा हात चादरीवर थांबला.

"कधी?"

"बुधवारी. सकाळी."

मग कोपऱ्याला कोपरा लावून तिनं घडी पुरी केली. दुसरी घडी घातली. तळहातानं दाबून सारखी केली.

"म्हणजे मी निळीला सांगितलं, स्टूल आत घेत असेल, तेव्हा..."

"हो."

"तुम्ही मागे बसला होतात."

"हो."

हिनं पिशवीतून घड्याळ काढलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बघत मागची किल्ली फिरवली, काटे इथल्या वेळेला आणले आणि ते खिळ्याला अडकवलं. मग आत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं एकच वेळ दाखवतात.

पण फोनवर मी काय म्हणालो, ते मी सांगितलं नाही. ते दीड महिन्यानं कळलं. मेहुण्याचं पत्र आलं. त्या बिचाऱ्यानं साधेपणानंच लिहिलं होतं, "तुला जमणार नाही असं दाजी म्हणाले, म्हणून थांबलो नाही. मनात राग धरू नकोस." हिनं पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि समोर बसली. मी वाचलं. मग पुन्हा वाचत असल्यासारखं केलं.

"मला का नाही विचारलं?"

"तुझी रजा... आणि तो शुक्रवार..."

"मी कदाचित गेलेच नसते," ही म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला खरंच माहीत नाही. कदाचित नको थांबूस असंच म्हणाले असते. पण अहो, ते मी म्हणायचं होतं."

मी ताटाकडे बघत बसलो. माफी मागावी एवढंसुद्धा सुचलं नाही. थोड्या वेळानं ही उठली आणि म्हणाली, "जेवा. गार होतंय."

यावर ही पुन्हा कधी बोलली नाही. टोमणासुद्धा मारला नाही. मारला असता तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी हिनं ती चादर शिवणखोलीत नेऊन दिली. मोठ्या बाईंनी ती कपाटावरच्या भिंतीला लावली आणि त्या चादरीखाली बसून हिनं आणखी नऊ वर्षं काम केलं. घरी आमचं सगळं पूर्वीसारखं चाललं होतं. माझा डबा, माझे काजळीचे कपडे, माझं पथ्यपाणी, कशात कमी नाही. फक्त भाजी चिरताना ही वर बघेनाशी झाली.

दहाव्या वर्षी हिचं दुखणं निघालं आणि तीन महिन्यांत वाढत गेलं. त्याच इस्पितळात, चौथ्या मजल्यावर होती. एकदा मी दुपारी गेलो तर ही चादरीचा कोपरा बोटांत धरून पडली होती. मला दाखवला. पिवळी फुली होती.

"माझीच," ही म्हणाली. "कधीची आहे कोण जाणे. टिकली हो."

त्यानंतर आठव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, ही गेली.

मी खाली बॉयलरच्या खोलीत जाऊन तिथूनच मेहुण्याला फोन लावला. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण नव्या माणसानं न विचारता खुर्ची दिली. मेहुण्यानं कधी, ते विचारलं. मग म्हणाला, "दाजी, मला तिकडे यायचा परवाना मिळायला चार-पाच दिवस लागतील. तुम्ही..." आणि पुढचं त्याला विचारवेना.

"थांबतो," मी म्हणालो.

"जमेल?"

"थांबतो रे. तू ये."

देह ठेवायचा इस्पितळाचा नियम दोन दिवसांचा होता. तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या कारकुनानं मला बोलावून घेतलं. मी आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही. रांगेत कुणी पुढे घुसला तर मीच मागे सरकणारा. त्या माणसानं मला नियम वाचून दाखवला. मी म्हणालो, "हिचा भाऊ येतो आहे. थांबायचंय." त्यानं पुन्हा वाचला. मीही पुन्हा तेच म्हणालो. मला दुसरं वाक्य येत नव्हतं. शेवटी मोठ्या बाई खाली आल्या आणि त्याच्याशी काय बोलल्या कुणास ठाऊक, पण त्यानं कागद मिटला. रोज सकाळी मी त्या खिडकीशी जाऊन उभा राहायचो. सहाव्या दिवशी मेहुणा आला. आला आणि त्यानं ताईला बघितलं. मी दाराबाहेर थांबलो.

सगळं आटोपल्यावर शिवणखोलीतल्या बायकांनी त्याला वर बोलावलं. तांबडी केव्हाच निवृत्त झाली होती, तीसुद्धा काठी टेकत आली होती. मेहुण्याला त्यांची भाषा येत नाही आणि त्यांना आपली येत नाही, तेव्हा मी मध्ये उभा राहिलो.

हिरवीनं त्याला चादरीपाशी नेलं आणि बोट ठेवून दाखवायला लागली. "ही तुमची गल्ली. हे शिंप्याचं घर. ही शाळा. शिडी इथे असते, ज्याला लागेल तो नेतो. आणि तुम्ही इथे पडलात."

मी सांगत गेलो. मेहुण्याचे केस आता पांढरे झाले आहेत. तो चादरीच्या इतका जवळ गेला की नाक लागेल.

"दाजी, यांना शिंपी माहीत आहे?"

"सगळं माहीत आहे."

निळीनं दारातल्या पिवळ्या स्टुलावर बोट ठेवून विचारलं, "आता याच्यावर कोण बसतं?"

मला उत्तर माहीत होतं. आईच्या मागे चार वर्षांत ती घरांची सगळी ओळ पाडली आणि तिथे गोदाम झालं. बसतं कुणीतरी, असं सांगून मी मोकळा झालो असतो. तोंडाशी आलंही होतं. पण मी तिचा प्रश्न जसाच्या तसा मेहुण्याला सांगितला.

तो म्हणाला, "कुणी नाही. घरच नाही आता." मी तेही जसंच्या तसं सांगितलं. हिरवीनं बोट काढून घेतलं. तांबडी काहीतरी फटकळ बोलेल असं मला वाटलं, पण ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "इथल्या नियमानं ही पिवळीकडे परत जायला हवी. तुम्ही भाऊ आहात. घेऊन जा."

मेहुण्यानं चादरीचा कोपरा हातात घेतला, उलटून बघितला आणि मला विचारलं, "दाजी, ताईनं मला लिहिलं होतं, ही आईला दाखवायला आणायची होती. मग आई गेल्यावर ताईनं ती घरी का नाही ठेवली? इथे का दिली?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिला विचारलं नाही."

"मग ताईनं दिली तिथेच राहू दे," म्हणून त्यानं कोपरा सोडून दिला. चादर अजून त्याच भिंतीवर आहे.